खारड्यातलं आवळीभोजन

आवळ्याचं झाड बसच्या शेवटच्या सीटवर बसवलं होतं, कुंडीसकट, आणि वळणावर ते कलंडू नये म्हणून प्रभाकरकाकांनी आपला मफलर त्याच्या कमरेला बांधून टाकला होता. कार्तिकातलं आवळीभोजन आवळ्याखालीच व्हायला हवं, आणि सहलीच्या जागी, खारड्यावर, आवळा असेल याची खात्री कोणालाच नव्हती. म्हणून जयपूरच्या मराठी मंडळाने नर्सरीतून झाडच बरोबर घेतलं. ते साडेतीन वर्षांच्या अवनीच्या खांद्याला लागेल एवढं होतं. त्याच्या सावलीत फार तर एक वाटी मावली असती. पण तसं कोणी बोलून दाखवलं नाही. प्रभाकरकाका मंडळाचे सेक्रेटरी होते, आणि विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात सगळे नाही म्हणत, म्हणून मंडळात कोणी म्हणत नसे.

तनया त्या झाडाच्या पुढच्याच सीटवर अवनीला मांडीवर घेऊन बसली होती आणि बसमधली माणसं पारखत होती. ती सहलीला आली होती ते त्यासाठीच. गुरुवारी अवनीला कोणाजवळ ठेवायचं, ते माणूस तिला आज संध्याकाळपर्यंत शोधायचं होतं.

गुरुवारी तिच्या डाव्या स्तनातली गाठ काढायची होती. वाटाण्याएवढी गाठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बहुतेक साधीच असणार, पण काढून तपासलेली बरी. भूल द्यावी लागेल, सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. बरोबर एक मोठं माणूस हवं, आणि लहान मुलाला आणू नका. एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांच्या दृष्टीने ते दोन साधे नियम होते. तनयाच्या दृष्टीने ती दोन माणसं होती, आणि जयपुरात येऊन वर्ष झालं तरी तिच्यापाशी त्यातलं एकही नव्हतं.

संकेत कंपनीच्या कामासाठी तीन महिन्यांकरता हॉलंडला गेला होता. "येऊ का मी?" असं त्याने फोनवर विचारलं होतं, पण त्याला 'नको' हेच उत्तर हवं होतं हे तिला ऐकू आलं, आणि तिने ते दिलं. "मंडळात विचार ना कोणाला तरी," तो म्हणाला, जणू मंडळ म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. सांगलीला आईला कळवलं असतं तर ती मिळेल त्या गाडीने निघाली असती, पण मग बाबांच्या डायलिसिसला कोण गेलं असतं? म्हणून आईला गाठच सांगितली नव्हती.

राहिले शेजारी. टिळकनगरच्या त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या वहिनी गोड होत्या, अवनीला रोज काहीतरी खाऊ देत. पण जूनमध्ये तापात अवनीला झटका आला, डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, तेव्हा तनयाने तिला कुशीवर वळवलं होतं आणि धावत वर आलेल्या वहिनी चमच्याने तिचं तोंड उघडायला लागल्या होत्या. प्रेमाने, कळवळून, झटक्यात तोंडात काही घालायचं नसतं हे ठाऊक नसल्यामुळे. त्या चमच्यापासून तनया अवनीला कोणाकडे अर्धा तासही सोडत नसे. चमचा न घालणारं माणूस तिला हवं होतं, आणि असं माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

तरी विनयाताईंवर तिचं बोट येऊन थांबलं होतं. विनयाताई बँकेतल्या अधिकाऱ्याच्या बायको, चाळिशी ओलांडलेल्या, दोन मुलं मोठी केलेल्या. बसमध्ये चढल्याचढल्या त्यांनी अवनीच्या खिडकीची खिट्टी ओढून पाहिली होती. कोणी सांगितलं नसताना. एवढं पुरेसं होतं.

टोंक रस्त्याने तासाभराने बस डावीकडे कच्च्या रस्त्याला लागली आणि वनखात्याच्या फाटकापाशी उभी राहिली. खारडा म्हणजे खाऱ्या मातीची दलदल. पावसाळ्यात तळं भरतं, मग ते उतरत जातं आणि मागे मैलभर काळा चिखल राहतो, वर मिठाचा पांढरा पापुद्रा, मधूनमधून पाणकणसांची बेटं. थंडीत लांबून पक्षी येतात म्हणून ही जागा राखीव केलेली. चालायला एकच वाट, खांबांवर फळ्या ठोकलेली, थेट मधल्या बेटावरच्या मचाणापर्यंत. वाट सोडून पाऊल टाकायचं नाही, असं फाटकावर लाल अक्षरात लिहिलं होतं. खारडा वरून कोरडा दिसतो, चालत जावं असा.

वनरक्षकाने कुंडीकडे पाहिलं. "बाहर का पौधा अंदर नहीं जाएगा."

"भैया, ये पौधा नहीं, पूजा है," प्रभाकरकाका म्हणाले.

"पूजा भी बाहर."

मग बराच वेळ शास्त्रार्थ झाला. शेवटी झाड फाटकाबाहेर, पार्किंगच्या पाटीखाली ठेवायचं, आधी चालून यायचं आणि मग त्याच्याभोवती जेवायचं असं ठरलं. "सुधाकर असता तर त्याने रक्षकाचाच विमा उतरवला असता आणि झाड आत नेलं असतं," मागून एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

त्या इंदुमतीकाकू. सुधाकर म्हणजे त्यांचे यजमान, विमा कंपनीतलेच, गेले त्याला काही वर्षं झाली होती. काकू आदर्शनगरात एकट्या राहत. मुलगा कौशिक पुण्यात होता आणि दर दिवाळीला येणार असायचा. हातात काठी, पायात चालायचे बूट, नाकावर ऊन. बसमधून उतरताना त्यांनी तनयाची पिशवी उचलून पाहिली होती. "काय आहे गं एवढं हिच्यात? आम्ही एवढ्या सामानात दोन बदल्या केल्या."

पिशवीत तापाचं औषध, थर्मामीटर, दोन जोड कपडे, पाणी, ओले रुमाल, पुन्हा पाणी असं होतं. तनया नुसती हसली होती. काकूंना तिने यादीत धरलंच नव्हतं.

सगळे रांगेने निघाले. ऊन कोवळं होतं, वारा मात्र बोचरा. फळ्यांच्या दोन्ही बाजूंना पांढरं, सपाट, आवाज नसलेलं पसरलं होतं. लांब पाण्याच्या कडेला राजहंसांचा थवा बसला होता, एवढा लांब की त्यांचं बोलणं तेवढं वाऱ्यावर येई. बाकीचे फोटो काढत होते, कोणाची बदली कुठे झाली ते बोलत होते. तनया अवनीचं मनगट धरून चालत होती. हात नव्हे, मनगट, कारण हात निसटतो. या लोकांत ती वर्षभर येत होती, संक्रांतीला वाण घेऊन, गणपतीत प्रसाद घेऊन, आणि सगळे तिला 'ये गं' म्हणत. पण गुरुवारी ये, असं आपण कोणाला म्हणू शकू?

"आई, वो पंछी बोल रहे हैं का?" अवनीने विचारलं.

"हो. एकमेकांशी."

"आपल्याशी नाही?"

"आपल्याशी नाही."

वाटेच्या शेवटी, बेटाला लागूनच, दुरुस्ती चालू होती. तेवढ्या पट्ट्यात जुन्या फळ्या काढल्या होत्या आणि दोन सुट्या फळ्या पुढेमागे टाकून, एका बाजूला दोरी बांधून काम भागवलं होतं. वनरक्षक म्हणाला, एका वेळी एकच जण, पलीकडे पोचल्यावर दुसरा. मुलाला कडेवर घ्यायचं नाही, तोल जातो. लहानगी कोणाबरोबर तरी पुढेमागे चालू दे.

रांग थबकली. एकेक जण हात पसरून, हसत, पलीकडे जाऊ लागला. विनयाताई नेमक्या तनयाच्या बाजूला उभ्या होत्या. याहून बरी वेळ मिळणार नव्हती.

"विनयाताई, एक विचारायचं होतं."

"मलाही तुला सांगायचं होतं," विनयाताई म्हणाल्या आणि तिला कोपराला धरून कठड्याशी घेऊन गेल्या. "बरं झालं एकटी सापडलीस. आधी तू बोल."

तनयाने मनगट सोडलं, कारण हे अवनीच्या कानावर पडायला नको होतं. तिने गाठ सांगितली, गुरुवार सांगितला, झटका सांगितला, चमचाही सांगितला. सगळं पाठ केल्यासारखं एका दमात बाहेर आलं. विनयाताईंचा चेहरा ऐकताऐकता उतरत गेला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी तुला काय सांगणार होते माहितीये? ह्यांची ऑर्डर आली. भुवनेश्वर. बुधवारी ट्रक येतोय. आज मंडळात सांगणार आहोत जेवताना. राहिले असते गं मी एक दिवस, पण मुलांच्या शाळेचं..."

"नाही, नाही, तुम्ही कशाला," तनया म्हणाली. तिला स्वतःचा आवाज फार शहाणा वाटला.

विनयाताई क्षणभर तिच्या दंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता हे सांगू की नको कळत नाही. पण सांगते. माझ्याकडे इंदुमतीकाकूंचा चार्ज आहे."

बदलीवाल्या घरांची ही रीतच होती. जाणारा येणाऱ्याला दूधवाला देतो, कूलर देतो, चांगली कामवाली देतो. त्यात कधीतरी काकूही आल्या होत्या. आठवड्यातून एकदा फोन, महिन्यातून एकदा डॉक्टर, औषधं संपली का ते बघायचं. "आम्ही सगळे उडते पक्षी. तुमचं खासगीतलं, तुमची बदली नसते. तूच त्यांना बघशील असं मी ठरवून आले होते. आणि एक लक्षात ठेव, त्या विसरतात. मागे दूध गॅसवर ठेवून मंदिरात गेल्या होत्या. पातेलं जळून काळं झालं."

खासगीतल्यांना बदली नसते, नोकरीच नसते कधी कधी, हे तनया बोलली नाही. तिने सवयीने हात खाली नेला. हाताला काही लागलं नाही.

अवनी कठड्याशी नव्हती. रांगेत नव्हती. ती सुट्या फळ्यांच्या मधोमध होती. पुढे काठी टेकत इंदुमतीकाकू, आणि मागे काकूंच्या शालीचं टोक धरून अवनी.

"अवनी!"

अवनीने वळून पाहिलं. तेवढ्यानेच तिचा डावा पाय कडेवरून सटकला आणि पांढऱ्या पापुद्र्यातून सरळ आत गेला, मांडीपर्यंत.

तनया धावली. वनरक्षकाने तिला आडवा हात घातला. "दीदी, तीसरा नहीं. तख्ता पलट जाएगा." तो स्वतःसुद्धा काठावरच उभा होता. मध्ये जेमतेम पाच-सहा पावलं. एवढ्या अंतरावरून तनयाला अवनीचे ओठ थरथरताना दिसत होते, आणि करता येत काहीच नव्हतं.

काकू सावकाश, दोरीच्या आधाराने, फळीवर खाली बसल्या. काठी आडवी ठेवली. अवनीच्या दोन्ही काखांत हात घातले आणि नुसत्या धरून राहिल्या.

"ओढा ना, काकू!"

"ओढत नाही," काकू मान न वळवता म्हणाल्या. मग अवनीला म्हणाल्या, "पायाची बोटं हलव बघू. आत कोणाला गुदगुल्या करतेस तशी. हां. अजून."

अवनी रडता रडता बोटं हलवू लागली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मग चिखलाने एक घाणेरडा आवाज केला आणि पाय मोकळा झाला. बूट आतच राहिला. काकूंनी तिला आपल्या पुढे फळीवर बसवलं, आणि दोघी तशाच बसत, सरकत, पलीकडे गेल्या. मग वनरक्षकाने तनयाला सोडलं.

बाकीचे मचाणाकडे गेले होते. काकू बेटाच्या काठावर दगडावर बसून अवनीच्या पायावरचा चिखल पाणकणसाच्या पात्याने खरवडत होत्या. तनयाने अवनीला उचलून घट्ट धरलं, नाडी पाहिली, कपाळ पाहिलं, आणि मगच तिला राग आला.

"कोणाला विचारून नेलंत तिला?"

"तिनेच विचारलं. 'दादी, चलें?' म्हणाली. मला वाटलं, तुझी परवानगी काढून आलीये." काकूंनी पातं फेकलं. "आणि तू तिकडे विनयाशी माझंच बोलत होतीस."

"तुमचं नव्हते बोलत मी."

"माझंच. बाजूला घेऊन बोलायला लागले की मी ओळखते, घरात कोणाची तरी बदली झाली. देशपांडीण गेली तेव्हा तिने मला मीनाक्षीकडे दिलं, मीनाक्षीने विनयाकडे. स्टॅबिलायझर देतात ना फ्रिजचा, तसं. आता तुझी पाळी का?"

तनया खाली बसली. पिशवीतलं पाणी काढून तिने अवनीचा पाय धुवायला घेतला. चिखल दाट होता, उतरता उतरत नव्हता. "मी माझं बोलत होते, काकू," ती म्हणाली, आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी ते पाठ केल्यासारखं आलं नाही. मध्ये दोनदा थांबावं लागलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि विनया जातेय."

"हो."

"मग मीच उरले."

तनयाने पाण्याची दुसरी बाटली उघडली. हो म्हणणं कठीण होतं, नाही म्हणणं त्याहून. पाय मोकळा होईपर्यंत न ओढता धरून बसलेले ते हात तिने पाहिले होते. जळलेलं पातेलंही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"त्या म्हणाल्या, तुम्ही विसरता."

"गॅसचं ना? आता गॅस लावतच नाही मी. डबा येतो." काकूंनी शाल सावरली. "पण गॅसचं काही नाही गं. एखादे वेळी मी एकदम बंद पडते. भाजी निवडत असते आणि वाटतं, ही भाजी कोणाची, आणि हे घर कोणाचं. मग आपोआप चालू होते. लहानपणी अलिबागेला, खाडीकाठच्या खाजणात पाय रुतला तर काय करायचं ते मला सत्तर वर्षांनी आठवतं. सकाळचं आठवत नाही. तुझी पोर माझ्यासमोर झटका येऊन पडली आणि मी नेमकी तेव्हा बंद असले तर?"

राजहंस एकदम उठले, बेटाला वळसा घालून पुन्हा तिथेच बसले.

"एकटीच्या भरवशावर मला पोर देऊ नकोस," काकू म्हणाल्या. "दिलीस तरी मी घेणार नाही. एवढं अजून कळतं."

वर्षभरात तनयाशी इतकं खरं कोणी बोललं नव्हतं, आणि जे बोललं ते 'नाही' होतं. ती ओल्या रुमालाने अवनीच्या बोटांच्या बेचक्यातला चिखल पुसत राहिली. डोकं मात्र सवयीप्रमाणे धोके मोजत होतं. घर नको. काकूंचंही नको, तिचंही नको. जिथे काकू बंद पडल्या तरी कोणी बघेल, अवनीला झटका आला तरी चमचा कोणी घालणार नाही, अशी जागा.

"काकू, हॉस्पिटलात तळमजल्यावर बसायला बाकं आहेत," ती म्हणाली. "समोरच नर्सचं टेबल. दिवसभर माणसं असतात. तिथे बसाल तिला घेऊन?"

"तुझी डॉक्टरीण मुलांना आणू नका म्हणाली ना?"

"म्हणाली."

काकूंनी विचार केला. "मग तू नाही आणायची. मी आणते. म्हातारीबरोबर नात आली, तिला कोण हाकलतंय? मी बंद पडले तर डॉक्टर, ही पडली तर डॉक्टर. नर्सला आधीच सांगून ठेवायचं, दोघींकडे बघ म्हणून." मग त्यांनी मान वर केली. "आणि वर तुझ्याबरोबर कोण?"

"कोणी नाही."

"अगं, पण मोठं माणूस हवं म्हणाली ना ती?"

"तुम्ही आहात ना. खाली. सही तुम्ही करा."

काकूंच्या चेहऱ्यावर हे पटलं नसल्याचं दिसत होतं. पण त्यांना तिसरं माणूस सुचलं नाही, आणि तिलाही नाही. एकाच माणसाने दोघांचं काम करायचं तर ते माणूस अवनीजवळ राहणार, हे बोलायची गरजच नव्हती.

"गुरुवारी सकाळी फोन कर मला," काकू काठी शोधत म्हणाल्या. "बुधवारी रात्री करू नकोस. रात्री सांगितलेलं सकाळपर्यंत माझ्यापाशी राहीलच असं नाही."

"सकाळी मीच न्यायला येईन रिक्षा घेऊन."

"तरी फोन कर. दार उघडल्यावर तू कोण, हे विचारायला नको."

मचाणावरून मंडळी परतली, एकेक करून सुट्या फळ्यांवरून गेलीसुद्धा. पलीकडे पोचलेल्या प्रभाकरकाकांची हाक आली, पुऱ्या गार होताहेत. शेवटी त्या तिघीच उरल्या. पलीकडून वनरक्षकाने हात केला. "माताजी, आप पहले. बच्ची को आगे रखना."

अवनीने एका पायात बूट आणि एक पाय उघडा अशा थाटात काकूंचं बोट धरलं. तनयाने तिचं मनगट धरलं होतं, ते सोडायला तिला वेळ लागला.

"दोरीच्या बाजूने चालवा तिला. आणि तिला हाक नका मारू, ती वळून बघते. आणि..."

"कळलं गं," काकू म्हणाल्या. "विसरायला अजून पाच मिनिटं आहेत."

त्या निघाल्या. काकूंची काठी फळीवर ठक ठक वाजत होती. मधल्या सांध्यावर फळी थोडी डुगडुगली तेव्हा तनयाचं तोंड उघडलं, पण तिने हाक मारली नाही. वारा आता फिरून तिच्याकडून पलीकडे वाहत होता, आणि पलीकडचं बोलणं इकडे येत नव्हतं. बेटावर ती एकटी होती. पाणकणसं एकमेकांवर घासून कोरडा आवाज करत होती, आणि डाव्या काखेखाली, जिथे गुरुवारी ते कापणार होते, तिथे तिने नकळत हात धरला होता.

पलीकडे अवनी पोचली. आपला उघडा पाय वर उचलून तिने वनरक्षकाला दाखवला, मग तिथे थांबलेल्या विनयाताईंना दाखवला, आणि काहीतरी सांगत सुटली, हातवारे करून, खाली बसून, सगळं पुन्हा करून दाखवत. काकू शेजारी उभ्या राहून मान डोलावत होत्या. आईकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही. ती वळू नये म्हणूनच तर तनयाने हाक मारली नव्हती.

वनरक्षकाने पुन्हा हात केला. तनयाने पिशवी खांद्याला लावली, दोरी धरली आणि फळीवर पाय ठेवला.